मंजनिकाचा आखूड पाय

इ. स. १२९६ च्या पावसाळ्यात कड्याहून दिल्लीच्या रोखाने निघालेल्या अलाउद्दीन खल्जीच्या छावणीत रोज एक चमत्कारिक खेळ चालत असे. मुक्काम पडला आणि शाही तंबू उभा राहिला, की तंबूसमोर एक लहानसे, सहज हलवता येण्याजोगे यंत्र मांडले जाई. त्याच्या झोळीत पाच मण सोन्याच्या चांदण्या भरल्या जात, आणि भोवती जमलेल्या गर्दीवर त्यांची वृष्टी होई. त्या काळचा दिल्लीचा मण इंग्रजी अमदानीतल्या मणाहून पुष्कळ हलका होता, हे खरे. तरीही सोने ते सोनेच. ज्याने नुकताच आपल्या चुलत्याचा आणि सासऱ्याचा, म्हणजे सुलतान जलालुद्दीनाचा, खून करविला होता त्याच्या झेंड्याखाली लोक धावू लागले. बदायूँला पोहोचेपर्यंत त्याच्या फौजेत ५६,००० घोडेस्वार आणि ६०,००० पायदळ जमा झाले होते, असे झियाउद्दीन बरनी सांगतो. हे सोने आले होते देवगिरीहून. त्याच वर्षी यादव राजा रामचंद्र याच्याकडून उकळलेली ती खंडणी होती. महाराष्ट्राच्या भांडारातील धन दिल्लीच्या सिंहासनाची किंमत म्हणून असे एका यंत्राच्या झोळीतून उधळले गेले.

ते यंत्र म्हणजे मंजनीक. हा शब्द मुळात ग्रीकांचा. अरबीतून आणि फारसीतून तो आपल्याकडे आला. तटबंदी फोडण्यासाठी शंभर शंभर किलोंचे दगड फेकणारी प्रचंड मंजनिके मध्ययुगात चीनपासून फ्रान्सपर्यंत सर्वत्र होती. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांचा उल्लेख बहुधा एका वाक्यात उरकलेला असतो: अमक्याने किल्ल्यास वेढा घातला, मंजनिके लावली, तट पाडला. हे यंत्र चालत कसे असे, त्याचा नेम कसा साधत असे आणि कशाने चुकत असे, हे त्या वाक्यात नसते. आणि ते ठाऊक नसले म्हणजे जुन्या लेखकांचे कोणते विधान विश्वासार्ह आणि कोणते निव्वळ अलंकारिक, हे ठरविण्यास साधनच उरत नाही. या एका विषयात तरी इतिहासकाराला दप्तरखान्याइतकेच सुताराच्या पडवीत बसणे प्राप्त आहे.

ज्वारी हुरड्याला आली म्हणजे माळ्यावर उभ्या राहणाऱ्या राखण्याच्या हातातील गोफण ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मंजनिकाचे अर्धे रहस्य आधीच अवगत आहे. गोफणीचा एक दोर बोटात अडकविलेला असतो आणि दुसरा चिमटीत धरलेला असतो. गोफण गरगरा फिरते आणि योग्य क्षणी चिमूट सुटते. सारी विद्या त्या क्षणात आहे. चिमूट आधी सुटली तर गुंडा आभाळात जातो. उशिरा सुटली तर पुढ्यातल्याच धाटांत आपटतो. उरलेले अर्धे रहस्य कोकणातील विहिरीवर सापडते. तेथे पाणी काढण्याची ओकती असते: एक लांब आडवे लाकूड, त्याच्या बुडाशी बांधलेला दगड, शेंड्याला लोंबणारा पोहरा. बुडाचा दगड खाली जाऊ लागला की शेंडा आपोआप वर येतो. या ओकतीच्या शेंड्याला पोहऱ्याऐवजी गोफण बांधावी, राखण्याच्या बोटाऐवजी लाकडाच्या टोकात एक खिळा ठोकावा, आणि चिमटीतल्या दोराला कडी करून ती त्या खिळ्यात अडकवावी. मंजनीक तयार झाले.

पहिली मंजनिके मात्र वजनावर चालत नसत. तुळईच्या आखूड टोकाला दोर बांधलेले असत आणि ते माणसे एका दमात खाली ओढीत. ही युक्ती चीनमधली, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या सुमाराची. सहाव्या शतकाच्या अखेरीस ती भूमध्य समुद्राच्या काठी पोहोचलेली दिसते. माणसांच्या जागी वजन टांगण्याची कल्पना बाराव्या शतकात रूढ झाली; सलाहुद्दीनासाठी मर्दी अल्-तरसूसी याने शस्त्रास्त्रांवर लिहिलेल्या ग्रंथात दगडांनी भरलेल्या जाळ्याच्या वजनावर चालणाऱ्या यंत्राचे वर्णन आहे. पुढे शंभर वर्षांच्या आतच, १२७३ मध्ये, कुबलाईखानाच्या पश्चिमेकडून आणविलेल्या मुसलमान कारागिरांनी असल्याच यंत्रांनी चीनमधील शियांगयांग शहराचा वर्षानुवर्षांचा वेढा संपविला. माणूस दमतो, प्रत्येक वेळी सारखा ओढीत नाही; वजन दमत नाही आणि दर खेपेस सारखेच पडते. मंजनीक हे नेमाचे हत्यार झाले ते या फरकामुळे.

तरीही मापे कोठे मिळत नाहीत. तेराव्या शतकातील व्हिलार द ओनकूर या फ्रेंच माणसाच्या चित्रवहीत मंजनिकाच्या बैठकीचा आराखडा आहे. पण वरच्या भागाचे चित्र ज्या पानावर होते ते पानच गहाळ झालेले आहे. म्हणूनच गेल्या पावणेदोनशे वर्षांत अनेकांनी हे यंत्र पुन्हा बांधून पाहण्याचा मार्ग पत्करला. कोणी भव्य बांधले. पण शिकण्यासारखे बरेचसे लहान, घरी जुळविता येण्याजोग्या प्रतिकृतीतही शिकता येते.

अशा प्रतिकृतीला फारसे साहित्य लागत नाही. १ मीटर लांबीची, सरळ धाग्याच्या लाकडाची एक तुळई घ्यावी. तिच्या एका टोकापासून २० सेंटिमीटरवर आरपार भोक पाडून लोखंडी आस बसवावा, म्हणजे लांब बाहू ८० सेंटिमीटरचा होतो आणि लांब-आखूडाचे प्रमाण चारास एक पडते. आस दोन खांबांवर, जमिनीपासून सुमारे ६० सेंटिमीटर उंच ठेवावा. आखूड टोकाला वाळू भरलेली पेटी टांगावी, तिचे वजन ५ किलो. फेकण्याचे गोळे भाजलेल्या मातीचे, ५० ग्रॅमचे. म्हणजे वजनाचे गोळ्याशी प्रमाण शंभरास एक झाले. गोफणीची लांबी लांब बाहूएवढी किंवा किंचित कमी असावी. लांब बाहू खाली ओढून खटक्यात अडकवावा. गोफण तुळईखालच्या पन्हळीत मागे, म्हणजे पेटीच्या दिशेस, पसरून ठेवावी. खटका ओढला की पेटी खाली येते, शेंडा वर झेपावतो, गोळा पन्हळीतून घसरत निघतो आणि मागून मोठे वर्तुळ घेत तुळईच्या माथ्यावर येतो. तेथे कडी खिळ्यावरून निसटते.

या मांडणीत पेटी सुमारे ३५ सेंटिमीटर खाली पडते. वारा आणि घर्षण यांचा हिशोब सोडला, तर गोळ्याच्या पल्ल्याची कमाल मर्यादा काढण्याची रीत सोपी आहे. वजनांच्या प्रमाणाने पडण्याची उंची गुणावी आणि त्याची दुप्पट करावी. येथे ती सुमारे ७० मीटर येते. प्रत्यक्षात त्याच्या निम्मे साधले तरी यंत्र चांगले समजावे. पहिल्या दिवशी मात्र निम्मे सोडाच, दशांशही साधत नाही. गोळा सरळ वर जातो, कधी मागे जातो, कधी यंत्राच्या पायाशीच आपटतो. म्हणून खटका लांब दोरीने बाजूला उभे राहून ओढावा, पुढे किंवा मागे कोणी थांबू नये.

खरे काम येथून पुढे सुरू होते. यंत्र बांधायला दोन दिवस पुरतात. ते लावायला, म्हणजे गवयाने तंबोरा लावावा तसे लावायला, पंधरवडाही अपुरा पडतो. गोळा फार उंच जात असेल तर कडी लवकर निसटते आहे असे समजावे आणि खिळा पुढच्या बाजूस थोडा वाकवावा. गोळा पुढ्यात आदळत असेल तर कडी उशिरा सुटते. तेव्हा खिळा सरळ करावा. गोफणीची दोरी आखूड केली की गोळा लवकर सुटतो आणि उंच जातो. लांब केली की उशिरा सुटतो आणि सपाट जातो. बोटभर दोरीने पल्ल्यात कित्येक पावलांचा फरक पडतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक फेक वहीत टिपून ठेवावी, हा नियम जो पाळीत नाही त्याला आपले यंत्र का सुधारले आणि का बिघडले हे कधीच कळत नाही. (सरकारी कचेऱ्यांतही हा नियम पाळला गेला असता तर पुष्कळ कागद वाचला असता.) उत्तम लागलेल्या यंत्राची खूण निराळीच आहे. गोळा सुटतो त्या क्षणी तुळई जवळजवळ उभी आणि जवळजवळ थबकलेली असते. पेटीने जे द्यायचे ते सारे गोळ्याला देऊन टाकलेले असते. यंत्रापाशी काही उरत नाही, म्हणून ते हलतही नाही. वाईट लागलेले यंत्र फेकीनंतर धडधडत राहते.

आणखी एक गोष्ट लहान यंत्र फार लवकर शिकविते. गोळे सारख्या वजनाचे नसतील तर सारी मेहनत फुकट. ५० ऐवजी ६० ग्रॅमचा गोळा घातला की तो केवळ जवळ पडतो असे नाही. गोफण फिरण्याची लय बदलते आणि सुटण्याचा कोनही बदलतो. मध्ययुगीन वेढ्यांच्या जागी टाकीने घडवून गोल केलेले दगड सापडतात, त्याचे कारण हेच. शत्रूवर फेकून द्यावयाच्या दगडावर पाथरवटांनी इतकी मेहनत का घेतली असेल, असा प्रश्न प्रतिकृती लावून पाहणाऱ्याला पडत नाही.

मोठ्यांनाही हे धडे महागात शिकावे लागले. १८५० मध्ये फ्रान्सचा तेव्हाचा अध्यक्ष आणि नंतरचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्या आश्रयाने कॅप्टन फाव्हे याने व्हँसेन येथे दहा मीटरांहून लांब तुळईचे मंजनीक उभारले. वजन साडेचार हजार किलो. त्याने सुमारे १२ किलोचा गोळा १७५ मीटर फेकला. १९८९ मध्ये डेन्मार्कमधील न्यूक्योबिंग येथे बांधलेल्या यंत्राने अवघ्या दोन हजार किलो वजनावर १५ किलोचा गोळा १६८ मीटर फेकला, आणि पुन्हा पुन्हा काही मीटरांच्या चौकोनातच फेकला. निम्म्याहून कमी वजन, अधिक जड गोळा, आणि पल्ला जवळजवळ तोच! जोर वजनात होता खरा, पण तो गोळ्यापर्यंत पोहोचविण्याचे काम मापांचे होते. मेक्सिकोच्या वेढ्यात, १५२१ मध्ये, कोर्तेसची बंदुकीची दारू संपत आली तेव्हा त्याच्या एका शिपायाने मंजनीक बांधण्याची हमी घेतली. मोठ्या तयारीनंतर दगड सुटला तो सरळ आकाशात गेला आणि जेथून उडाला तेथेच खाली आला. कोर्तेस संतापला आणि यंत्र मोडून टाकण्यात आले. हे सांगणारा बर्नाल दीयाझ स्वतः त्या स्वारीत होता. ज्याने एकदा तरी लहान यंत्र लावून पाहिले आहे त्याला या बातमीत नवल वाटत नाही. खिळा सरळ होता, किंवा दोरी आखूड होती.

आता हे ध्यानात ठेवून आपल्याकडील एका जुन्या हकीकतीकडे वळले म्हणजे तिचा अर्थ बदलतो. ७१२ च्या सुमारास मुहंमद बिन कासिमने सिंधच्या किनाऱ्यावरील देबल शहराला वेढा घातला. त्याच्याजवळ समुद्रमार्गे आणलेले एक मंजनीक होते. त्याचे नाव 'अल्-अरूस', म्हणजे नवरी. ती चालवायला पाचशे माणसे लागत, असे नवव्या शतकातील अरब इतिहासकार बलाजुरी लिहितो. शहरात एक उंच देवालय होते, त्यावर डोलकाठी आणि तिच्यावर तांबडे निशाण. इराकचा सुभेदार हज्जाज आणि सिंधमधला हा तरुण सेनापती यांच्यात सतत पत्रव्यवहार चाले, दर तीन दिवसांनी पत्रे येत. अशाच एका पत्रात हज्जाजचा हुकूम आला, की मंजनिकाचा पाय आखूड करावा, ते पूर्वेच्या बाजूस मांडावे, आणि मंजनीक चालविणाऱ्याला बोलावून डोलकाठीवर नेम धरण्यास सांगावे. तसे केले, डोलकाठी मोडली, शहरातल्या लोकांचा धीर सुटला. शिड्या लावून तट चढण्यात आला आणि तीन दिवस कत्तल चालली. पुढे फारसीत आलेल्या चचनाम्यात याच प्रसंगी मंजनिकवाल्याला दहा हजार दिरहमांचे बक्षीस कबूल केल्याची गोष्ट येते.

ही हकीकत वाचणाऱ्याची नजर सहसा पाचशे माणसांवर आणि निशाण पडताच खचलेल्या श्रद्धेवर खिळते. पायाचा उल्लेख किरकोळ म्हणून सोडून दिला जातो. वास्तविक सारी हकीकत त्या आखूड केलेल्या पायावर उभी आहे. पाचशे माणसांच्या ओढीला माप नसते. आज जोरात ओढतील, उद्या दमतील. त्यात दोन शेर कमी-जास्त करता येत नाहीत. अशा यंत्रात जे बदलता येते ते फक्त लाकडाचे आणि दोरीचे. पाय आखूड केला म्हणजे आस खाली येतो. आस खाली आला की तुळईची झेप आखडते आणि गोळा सुटण्याची वेळ बदलते. लहान प्रतिकृतीत आस चार बोटे खाली घ्यावा. गोळा पूर्वीच्या जागी पडतच नाही. म्हणजे बलाजुरीने किंवा त्याला सांगणाऱ्याने ही गोष्ट कल्पनेने रचलेली नाही. दगड डोलकाठीच्या वरून किंवा खालून जात आहे, हे पाहिलेल्या माणसाचीच ती सूचना असली पाहिजे. ती हज्जाजला इराकमध्ये बसून सुचली असेल हे संभवत नाही. बहुधा यंत्राशी झगडणाऱ्या कारागिराने सांगितले, सेनापतीने वर लिहून कळविले, आणि तेच हुकमाच्या रूपाने परत आले. मुख्य ठाण्याहून सुटणारे पुष्कळसे शहाणपणाचे हुकूम असेच मुळात खालून गेलेले असतात. देबलच्या रहिवाशांच्या दृष्टीने मात्र त्या चार बोटांचा अर्थ फार भयंकर झाला.

दुसरी कसोटी रणथंभोरची. १३०१ मध्ये अलाउद्दीनच्या फौजांनी हम्मीर चौहानाचा हा किल्ला वेढला. अलाउद्दीनचा उजवा हात नुसरतखान तटाशी भिडणारी पाशेब, म्हणजे चढणीचा उतरता बांध, घालण्याच्या कामावर देखरेख करीत असताना किल्ल्यातील मग्रिबीने फेकलेला दगड त्याला लागला आणि दोन-तीन दिवसांत तो मेला, असे बरनी सांगतो. मग्रिबी म्हणजे 'पश्चिमेकडचे' यंत्र. ते वजनावर चालणारे मंजनीक असावे असे पुष्कळ अभ्यासक मानतात. पुढे पंधराव्या शतकात नयचंद्रसूरीने रचलेल्या 'हम्मीरमहाकाव्या'त हाच प्रसंग निराळा आहे. किल्ल्यातून आलेला गोळा आणि खालून गेलेला गोळा हवेत एकमेकांवर आदळले आणि उडालेल्या कपचीने खानाचा प्राण घेतला! हे काव्य १८७९ मध्ये मुंबईत छापून प्रसिद्ध केले ते नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी. ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासावर तरुणपणीच परखड टीका करणारे ते हेच कीर्तने. पुराव्याची पारख हा त्यांच्या आवडीचा विषय.

या दोन पाठांपैकी कोणता घ्यावा? दोन गोळे आकाशात भेटणे अशक्य नाही, पण तो केवळ योगायोग. कवीला तो शोभतो. बरनीच्या कथनात मात्र योगायोगाची गरजच नाही. पाशेब ही एका जागी दिवसेंदिवस चालणारी वस्तू होती. ती हलत नव्हती, तिचे अंतर बदलत नव्हते. वरून पाहणाऱ्याला प्रत्येक दगड कोठे पडला हे स्पष्ट दिसत होते. सारख्या वजनाचे दगड, तीच दोरी, तोच खिळा, आणि रोजच्या फेकींची आठवण. एवढे असले म्हणजे यंत्र त्याच चौकोनात दगड टाकीत राहते. त्या चौकोनात उभे राहून देखरेख करणारा सरदार आज ना उद्या सापडणारच. किल्ल्यातील रजपुतांचे यंत्र चांगले लागलेले होते आणि ते लावणारा माणूस आपल्या कामात वाकबगार होता, एवढाच याचा अर्थ. कवीच्या कपचीलाही मात्र एकदम झिडकारू नये. कठीण जमिनीवर आपटून दगड फुटतो आणि कपच्या उडतात. जखम कपचीची असेल, आणि आकाशातली टक्कर तेवढी पुढे कवीने जोडली असेल. हम्मीराचा किल्ला शेवटी दगडांनी पडला नाही. धान्य संपले, फितुरी झाली, आणि जुलै १३०१ मध्ये हम्मीर लढता लढता पडला.

पुढे १३१० मध्ये मलिक काफूर वरंगळच्या तटापुढे उभा राहिला तेव्हाचे वर्णन अमीर खुसरोने केले आहे. वरंगळचा बाहेरचा तट मातीचा होता. तो इतका घट्ट, की मग्रिबीचा गोळाही त्यावरून, मुलांच्या खेळातल्या अक्रोडासारखा, उसळून मागे येईल असे खुसरो म्हणतो. उपमा कवीची आहे; परंतु लहान प्रतिकृती हाताशी असली तर तीही पडताळून पाहण्यास हरकत नसावी. वीस पावलांवर एक खापर उभे करावे. पन्नास ग्रॅमचा गोळा त्याच्या ठिकऱ्या उडवितो. त्याच जागी ओल्या मातीचा ढीग घालावा. गोळा त्यात रुतून बसतो. तोच ढीग थरावर थर घालून, चोपून आठवडाभर उन्हात वाळू द्यावा आणि मग गोळा फेकावा. तो मातीवर एक वाटोळा खळगा उमटवितो आणि हातभर मागे येऊन पडतो. अक्रोडाइतका नव्हे, पण उसळतो खरा.